भांग : विक्रीचे नियमन

गांजाच्या झाडाची पाने वाटून केलेला मादक पदार्थ. 1893–94 च्या हेंप ड्रग्ज आयोगाने सरसकट बंदीला विरोध करून कर व परवान्याचा मार्ग सुचवला. 1985 च्या केंद्रीय अमली पदार्थ कायद्याने गांजाची व्याख्या फुलोऱ्यापुरती ठेवली. फुलोऱ्याविना पाने व बिया वगळल्या. ही फट अपघाती नव्हे. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारातही ती आहे. त्यामुळे पानांचा कारभार राज्यांकडे राहिला. राजस्थानात भांगेचे परवानाधारक ठेके चालतात; महाराष्ट्रात मात्र 1949 चा दारूबंदी कायदा तिलाही लागू होतो. खेड तालुक्यातील लोटे येथे शिमग्याला भांग सापडली, तर हाच कायदा. गांजा सापडला, तर केंद्रीय कायदा, आणि शिक्षा वजनावर : 1 किलोपर्यंत अल्प, 20 किलोंवर व्यापारी प्रमाण.