थोरल्या काकांची 'वहिनी'

गेल्या दिवाळीआधी माळा आवरताना आजीची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत दोन नऊवारी लुगडी, मिलचा पितळी बिल्ला आणि सुतळीने बांधलेली पोस्टकार्डं. सगळी थोरल्या काकांची, गावाहून आलेली. प्रत्येकाचा मायना एकच : 'तीर्थरूप सौ. वहिनीस शि. सा. न.'

काका म्हणजे आजीचा पोटचा मुलगा, तोही पहिला. पण जन्मभर तिला 'वहिनी' म्हणाले. घरात आम्हाला कुणालाच त्याचं काही वाटायचं नाही. पोस्टकार्डं वाचताना मात्र पहिल्यांदा वाटलं, असं का?

आजी परळच्या एका मिलमध्ये वाइंडिंगला होती. आजोबा साच्यावर. काका १९३६ चे. ते तीन महिन्यांचे झाल्यावर आजी बोटीने जैतापूरला उतरली, राजापूर तालुक्यातल्या घरी बाळाला सासूच्या ओटीत घातलं आणि आठवड्याने परत मुंबईला आली. पाळीला दहा तास लागायचे. तान्हं मूल ठेवणार कुठे? गावी धाकटे दीर तिला वहिनी म्हणायचे, काकांनी तेच उचललं. आई ते पणजीला म्हणत.

मग मी जरा जुनी पुस्तकं चाळली. (मी काही इतिहासाची अभ्यासक नाही, पण एकदा खाज सुटली की राहवत नाही!)

१९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. बाळंत होईपर्यंत काम, आणि झाल्यावर जमेल तितक्या लवकर पुन्हा हजर. १९२१ सालचा एक आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ बाळं वर्षाच्या आत दगावली. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत ८२८. आता हे आकडे फुगलेले आहेत हेही सांगायला हवं. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्म गावाकडे आणि मृत्यूची नोंद मुंबईत. तरीसुद्धा एका खोलीतलं मूल आणि चार खोल्यांतलं मूल यांच्यातलं अंतर त्यातून दिसतंच.

सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करायला डॉ. बार्न्स या बाईंना नेमलं होतं. त्यांचा अहवाल १९२२ चा. त्यात लिहिलंय की कामगार बायकांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते. बाळगोळी! मूल दिवसभर गुंगीत पडून राहायचं, रडायचं नाही, दूध मागायचं नाही. वाचताना अंगावर काटा आला, कारण आजीच्या तोंडून हा शब्द मी ऐकलेला होता. माझे बाबा १९४२ चे. तोवर पणजी गेली होती, म्हणजे गावचा आधार संपला. बाबांना शेजारच्या खाणावळवाल्या मावशीकडे ठेवायचे. तिच्याकडे पंचवीस गडी जेवायला, त्यातून मूल कोण बघणार? "नखाएवढी द्यायचे," आजी म्हणायची, "माझा हात कापायचा, पण द्यायचे." आम्ही पोरं हसायचो तेव्हा.

कायदे नव्हते असं नाही. ना. म. जोशींनी केंद्रीय विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं होतं, ते १९२५ साली फेटाळलं गेलं. मग मुंबई प्रांताच्या कौन्सिलात १९२८ साली तसंच विधेयक आलं. त्यावर डॉ. आंबेडकर बोलले. आईला विसावा मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मुळात बराचसा सरकारने उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं. सरकार उचलत नाही तोवर, बाईच्या कष्टावर नफा कमावणाऱ्या मालकाने द्यावा. १९२९ चा कायदा झाला तो मालकावर भार टाकूनच. आजीला याच कायद्याचे साताठ आठवडे मिळाले होते, रोजचे आठ आणे.

पण साताठ आठवड्यांनंतर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं. आणि पैसा एकट्या मालकाच्या खिशातून जाणार म्हटल्यावर मालकाने मालकासारखाच हिशेब केला. बाईच नको! रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं हीही कारणं होती, एकट्या कायद्याला दोष देता येणार नाही. पण १९५० पर्यंत गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याने आणखी एक गोष्ट केली. पन्नासाहून जास्त बायका असतील त्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवंच. आमची आत्या १९५० ची. ती मिलच्या पाळणाघरात वाढली. आजी मधल्या सुट्टीत येऊन पाजून जायची. एकाच आईची तीन मुलं बघा. आत्या आजीला 'ए आई' म्हणायची, भांडायची, गळ्यात पडायची. बाबा थोडे लांबूनच. आणि काका वाकून नमस्कार करायचे, पाहुण्यासारखे चहा घेऊन निघायचे. काका गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, बाबा परळला मॅट्रिक झाले, तो फरक वेगळाच. पण मला पोटात तुटतं ते त्या नमस्काराने.

आजीचं काम १९५६ साली सुटलं. खात्यातल्या बायका एकेक करत कमी केल्या होत्या.

२०१७ साली रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली, पन्नास माणसांच्या कचेरीला पाळणाघर सक्तीचं झालं. मी मनापासून खूश झाले होते. खर्च मात्र पुन्हा मालकाचाच! राज्य विम्यात असलेल्या बायकांना भत्ता वर्गणीतून मिळतो, पण बाकीच्या ठिकाणी तोच १९२९ चा हिशेब. माझ्या भाचीला गेल्या वर्षी मुलाखतीत गोड शब्दांत विचारलं गेलं, "मग फॅमिली प्लॅनिंगचं काय ठरलंय?" आणि तिच्याकडे भांडी घासायला येते तिची दीड वर्षाची मुलगी? ती यवतमाळला आजीकडे आहे. तिला कुठलीच कचेरी नाही, त्यामुळे पन्नासाचा आकडाही नाही.

पोस्टकार्डांचा गठ्ठा मी काकांना नेऊन दिला. आता नव्वदीला टेकलेत. थरथरत्या हाताने एकेक उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाले, "वहिनीने सगळी ठेवली होती?"