काठावरची माणसे

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’नंतर (१९१३) आपले बस्तान नाशकात हलवले. इथल्याच हिंदुस्थान फिल्म कंपनीतून १९१९ साली ‘कालिया मर्दन’ आला.

धार्मिक चित्रपटात भय उभे करणे अवघड. कृष्ण बुडणार नाही, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक. मग श्वास कशाने रोखायचा? फाळक्यांनी डोहातल्या झुंजीच्या अधूनमधून काठावरची भयभीत माणसे दाखवली. पाण्याखाली काय चालले आहे हे त्यांना दिसत नाही, आपल्याला दिसते.

त्याहून धाडसाची गोष्ट सुरुवातीलाच आहे. कृष्ण झालेली फाळक्यांची लहानगी लेक मंदाकिनी आधी स्वतःच्याच चेहऱ्याने हावभाव करून दाखवते, मग तिचा कृष्ण होतो. भ्रम मोडला म्हणावे, तर उलटेच घडते. देवाची काळजी कोण करतो? पोरीची मात्र वाटते. ही कथा आम्हा उर्दू माध्यमवाल्यांच्या घरात कुणी सांगितली नव्हती, पण मूकपटाला भाषेची अडचण कसली!

रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) धुके आहे, त्रिशूळ आहे, राक्षसही चांगला उंचापुरा आहे. काठावर जीव मुठीत धरून उभे असलेले मात्र कुणी नाही.