डोक्यावरून गेलेली डाक

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या नांदूरघाटहून सरळ रेषेत मोजलं, तर मुंबई आणि हैदराबाद ही दोन्ही शहरं साधारण तीनशे किलोमीटरवर पडतात. एक पश्चिमेला, दुसरं आग्नेयेला. सप्टेंबर 1948पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे सरकारदरबारी वजन हैदराबादचं. व्यापाराची वाट मात्र बार्शीकडे वळायची आणि तिथून पुढे मुंबईला.

या दोन शहरांमधलं हवाई अंतर जेमतेम सव्वासहाशे किलोमीटर आहे. सोलापूर, वाडीवरून जाणारी रेल्वे तेच अंतर सुमारे 790 किलोमीटरचं करते. शिवाय रेल्वेनं बीड शहराला दीर्घकाळ बगल दिली. मनमाड–सिकंदराबाद मार्ग 1900 साली सुरू झाला, तो जालना, परभणीवरून. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 1911मध्ये लातूरला पोचली, ती येडशीवरून. दोन्ही रुळांच्या मधला बालाघाटाचा पट्टा बैलगाडीच्याच भरवशावर राहिला.

विमानाला डोंगर आडवा येत नाही. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पुस मॉथ’ हे एका इंजिनाचं छोटं विमान कराचीहून उडवलं आणि अहमदाबादमार्गे डाक घेऊन दुपारी मुंबईत जुहूला उतरवलं. तिथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ती डाक बळ्ळारीमार्गे मद्रासला नेली. पुढे बळ्ळारीऐवजी हैदराबादचा थांबा आला. मुंबई–हैदराबाद सरळ रेघ धाराशिवजवळून, म्हणजे नांदूरघाटच्या दक्षिणेकडून जाते. ताशी 160-170 किलोमीटर वेगाच्या त्या विमानाला हे अंतर कापायला पावणेचार तास पुरे होते. मुंबईचं पत्र हैदराबादला विमानानं पोचू लागलं, पण तिथून मराठवाड्यातल्या गावात यायला त्याला पुन्हा जमिनीवरचीच वाट धरावी लागे.

निजामाच्या राज्याची स्वतःची विमान कंपनीही होती. 1945मध्ये ‘डेक्कन एअरवेज’ स्थापन झाली आणि तिचे बहुतांश समभाग निजामाच्या सरकारी रेल्वेकडे होते. तिची मदार युद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या डाकोटा विमानांवर होती. डाकोटाच्या वेगानं मुंबई–हैदराबाद अंतर अडीच तासांवर आलं. 1953च्या राष्ट्रीयीकरणात कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. आज जेट विमानाला या प्रवासासाठी दीड तासाहून जास्त लागत नाही.

म्हणजे नव्वद वर्षांत आकाशातला वेळ निम्म्याहूनही कमी झाला. नांदूरघाटच्या प्रवाशाचा हिशेब वेगळाच राहिला. विमान धरायचं तर छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा गाठावं लागतं, आणि एकट्या बीड शहरापासूनच ते सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे. तिथून मुंबई तासाभराची, पण गावातून विमानतळावर पोचायला त्याच्या तिप्पट वेळ सहज जातो. लातूरला धावपट्टी आहे, पण प्रवासी विमानसेवा तिथे टिकली नाही.

बीड शहरातून पहिली प्रवासी रेल्वे सुटली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरकडे. हाच मार्ग पुढे परळीला जोडायचा आहे. विमानतळाच्या घोषणांपेक्षा हे राहिलेलं काम आधी पुरं व्हावं, कारण केज तालुक्याचा प्रवास खरोखर कमी होईल तो त्यानंच.