मुक्त सॉफ्टवेअरचीं परकीं घरें

मुक्त सॉफ्टवेअर कोणीं व कां निर्माण केलें, याचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. परंतु तें ठेवलें कोठें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक त्याच्या स्वातंत्र्याची खरी कसोटी या प्रश्नांतच आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. त्यांचें ‘ईमॅक्स’ हें लेखनोपयोगी सॉफ्टवेअर ज्यांना नेटवर्कवरून उतरवून घेतां येत नसे, त्यांना ते १५० डॉलर घेऊन त्याची चुंबकीय फीत टपालानें धाडीत. वस्तु मुक्त असली, तरी ती ठेवण्याचा व पोंचविण्याचा खर्च कोणाला तरी सोसावाच लागतो.

नोव्हेंबर १९९९ मध्यें व्हीए लिनक्स या अमेरिकन कंपनीनें ‘सोर्सफोर्ज’ उघडून तो भार आपल्या शिरावर घेतला. मूळ संहिता, दोषांची नोंदवही, चर्चा आणि हवें तें शोधण्याची सोय, सारें एके ठिकाणीं व विनामूल्य! जणूं धर्मशाळाच ती. तेथें लोक लोटले यांत नवल नाहीं. परंतु २००१ सालीं कंपनीनें खुद्द सोर्सफोर्ज चालविणाऱ्या सॉफ्टवेअरचीच पुढील संहिता बंद केली. सुदैवानें आधींची प्रत मुक्त होती. ग्नूचें ‘सव्हाना’ हें स्थान तिच्यावरच उभें राहिलें. पुढें २०१५ मध्यें, तेथून आधींच निघून गेलेल्या ‘गिंप’ या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरला जाहिरातींची जोड दिलेली आढळली. नव्या मालकांनीं २०१६ सालीं ती प्रथा मोडली.

‘गूगल कोड’ २००६ मध्यें निघालें आणि २०१६ मध्यें मिटलें. २००८ सालीं सुरू झालेलें ‘गिटहब’ मायक्रोसॉफ्टनें २०१८ मध्यें ७५० कोटी डॉलरांना घेतलें.

अशा स्थित्यंतरांत मोठा आधार झाला तो लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं रचलेल्या ‘गिट’चा. त्यांत प्रत घेणाऱ्याच्या घरीं बहुधा संहितेचा सारा पूर्वेतिहासच उतरतो. म्हणून एक घर बुडालें तरी ग्रंथ बुडत नाहीं. मात्र दोषांच्या नोंदी व वादविवाद त्या प्रतीबरोबर येत नाहींत. अमुक ओळ कां लिहिली, याचा पुरावा पुष्कळदां घरमालकापाशींच राहतो. शिवाय ज्याची प्रत कोणींच घेतली नाहीं, त्याचें काय? अशा कृतींच्या जतनासाठीं फ्रान्सच्या इन्रिया संस्थेनें २०१६ सालीं ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा संग्रह आरंभिला.

परवान्यानें कृति मुक्त होते, घर मुक्त होत नाहीं. धर्मशाळेंत उतरण्यांत कमीपणा नाहीं; पण आपल्या पोथीची एक प्रत नेहमीं स्वतःजवळ असावी, इतकेंच या इतिहासाचें सांगणें आहे.