एक अबोल, एक बोलघेवडी

मांजरांचं प्रदर्शन भरतं म्हटलं, तर आपली आजी हसली असती. पण १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ते भरलं खरं. भरवणारे हॅरिसन वेअर हे चित्रकार. शेकोटीपाशी बसलेल्या मांजरालाही रूप असतं, हे लोकांना दिसावं, एवढाच त्यांचा हेतू.

तिथं आखूड केसांच्या दोन घराण्यांची गाठ पडली. एक साहेबाच्या घरचीच, पुढं ब्रिटिश शॉर्टहेअर म्हणून नावारूपाला आलेली. वाटोळं तोंड, भरलेलं अंग, बोलणं बेताचं. शेजारी येऊन बसेल, पण उचलून घेतलेलं खपायचं नाही. दुसरी सयामची पाहुणी. हिची पिल्लं जन्मतात पांढरट. मग कान, तोंड, पाय, शेपूट हे अंगाचे गार भाग तेवढे काळवंडतात. हे ध्यान बघून तिला तेव्हा चक्क दुःस्वप्न म्हटलं गेलं! पुढं तिचीच फॅशन झाली, ते वेगळं.

आता घरात आणावी कोणती? सयामी दिवसभर बोलते आणि उत्तराची अपेक्षा ठेवते. घर रिकामं असलं की झुरते. ब्रिटिश बाई एकटेपण निभावून नेते. तेव्हा मांजराचं रूप नंतर बघा. आधी आपल्या दाराला कुलूप किती तास असतं, ते मोजा.