नरक्या आणि अमृता

परळीत वाढलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट पाठ असते. समुद्रमंथनातून धन्वंतरी अमृत घेऊन वर आला आणि ते असुरांच्या हाती लागू नये म्हणून विष्णूने दोघांनाही आमच्या वैजनाथाच्या लिंगात लपवलं. गोष्ट सगळेच सांगतात. मोठं दुखणं निघालं की मात्र बार्शीची एसटी धरतात. माझ्या मामांच्या बार्शीच्या फाईलमध्ये इरिनोटेकॅन हे नाव मी पहिल्यांदा वाचलं. आतड्याच्या कर्करोगावरचं औषध. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला अनोळखी शब्द दिसला की सर्च केल्याशिवाय राहवत नाही. त्या शब्दाचा माग काढत मी नंदुरबारला पोहोचलो.

मनसुख वाणींचा जन्म तिथला, १९२५ चा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले, इंडियाना विद्यापीठातून पीएचडी केली आणि १९६२ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्याकडे रुजू झाले. झाडांचे अर्क काढायचे आणि कर्करोगाच्या पेशींना मारणारा नेमका रेणू त्यातून वेगळा करायचा, हे काम. १९६६ साली त्यांनी एका चिनी झाडातला कॅम्प्टोथेसिन जाहीर केला. १९७१ साली पॅसिफिक यू झाडाच्या सालीतला टॅक्सॉल. एकाच जोडीने असे दोन रेणू शोधावेत, हे मला अजूनही अचाट वाटतं.

कॅम्प्टोथेसिनचं पुढे नीट झालं नाही. तो पाण्यात विरघळेना, म्हणून रुग्णांना त्याचा सोडियम क्षार दिला. फायदा थोडा आणि मूत्राशयातून रक्तस्राव. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच चाचण्या थांबल्या.

नेमक्या त्याच सुमारास, १९७२ साली, मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना हाच रेणू सह्याद्रीतल्या एका लहानशा झाडात चांगल्या प्रमाणात सापडला. ग्रॅहॅमच्या मुंबईच्या वनस्पतींच्या यादीत १८३९ सालीच नोंद झालेलं झाड. फुलांना आणि चुरगळलेल्या पानांना अशी दुर्गंधी, की लोक त्याला नरक्या म्हणतात. त्याचंच दुसरं नाव अमृता! ही दोन नावं कुणी, कधी दिली कोण जाणे, पण दोन्ही खरी निघाली.

कारण १९८५ मध्ये हा रेणू काय करतो ते कळलं. डीएनएची प्रत काढताना त्याच्या दोऱ्याला इअरफोनच्या वायरसारखा पीळ पडतो. टोपोआयसोमरेज नावाचं विकर एक धागा कापतं, पीळ सोडवतं, पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन त्याला कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवतो. लॉक घेऊन बसलेली आणि न सोडणारी प्रोसेस ज्याने डीबग केली असेल, त्याला पुढे काय होतं ते सांगायला नको. भराभर वाढणाऱ्या पेशी यात मरतात. मग मूळ रेणूत फेरफार करून विरघळणारी रूपं बनली आणि १९९६ साली अमेरिकेत टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या दोन्ही औषधांना मान्यता मिळाली.

इथून पुढचा इतिहास मला वाचवत नाही. इरिनोटेकॅन बनवायला सुरुवातीला झाडातला रेणूच लागतो. तो पानांपेक्षा खोडात आणि मुळांत जास्त, म्हणजे झाड उभं ठेवून घेता येईल असा नाही. सह्याद्रीतला नरक्या तोडून, तुकडे करून परदेशी जाऊ लागला. मामांच्या सलाइनमधला थेंब नरक्याचा होता की चिनी झाडाचा, ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. कुठल्यातरी झाडाचा होता.

झाड न तोडता हे जमावं म्हणून तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या पेशी द्रवात वाढवून पाहिल्या गेल्या. २००५ साली जम्मूच्या शास्त्रज्ञांना नरक्याच्या आतच राहणारी एक बुरशी हाच रेणू बनवताना सापडली. हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो होतो. पण अशा बुरश्या झाडाबाहेर काढून पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेल्या, की त्यांचं उत्पादन घटत जातं.