पुस्तक, पडदा आणि ऊन

सोलापूर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या विजापूर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतील काही निवडक खेड्यांत १९७५ च्या ऑगस्ट महिन्यात दूरचित्रवाणी संच आले. ‘साइट’ या नावाने प्रसिद्ध झालेला हा प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत वर्षभर चालला. एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावरून कार्यक्रम थेट खेड्यात पोचत. सकाळचा कार्यक्रम शाळेतील मुलांसाठी असे. संच एक आणि बघणारी मुले अनेक, त्यामुळे पडदा बहुतेकांपासून बराच लांब राही. कार्यक्रम संपला की संच बंद होई आणि मुले आपापल्या उद्योगाला लागत.

पुढच्या पंचेचाळीस वर्षांत हा पडदा मुलांच्या डोळ्यांकडे सरकत आला. आधी तो घरात आला, मग संगणकाच्या रूपाने टेबलावर आणि शेवटी मोबाइलच्या रूपाने हातात. तो शिक्षणाचे साधनही झाला. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. ही कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली आणि २०२० साली डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. त्याच वर्षी टाळेबंदीमुळे सगळी शाळाच मोबाइलमध्ये शिरली. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ ही मार्गदर्शक सूत्रे काढली. पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका घ्याव्यात, असे त्यांत सुचवले होते.

तेव्हापासून पालक शिक्षकांना एकच प्रश्न विचारतात : मोबाइलमुळे मुलांचे डोळे बिघडतात का? हा प्रश्न मोबाइलपेक्षा फार जुना आहे. फक्त पूर्वी मोबाइलच्या जागी पुस्तक होते.

लांबचे अंधुक दिसणे, म्हणजेच निकटदृष्टिता, कशी होते हे आधी पाहू. जन्मतः आपला नेत्रगोल सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो आणि मोठेपणी तो सुमारे २४ मिलिमीटर होतो. प्रतिमा बरोबर दृष्टिपटलावर पडेल इतपतच ही वाढ व्हावी लागते. ती एक मिलिमीटर जास्त झाली, तरी अडीच ते तीन डायॉप्टरचा चष्मा लागतो. वाढलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. चष्म्याने दिसते नीट, पण डोळा लांबट तो लांबटच राहतो. दोष फार वाढला तर पुढच्या आयुष्यात दृष्टिपटल सुटण्याचा धोकाही वाढतो. म्हणून हा प्रश्न केवळ चष्म्याच्या नंबरचा नाही.

१८१३ साली जेम्स वेअर या इंग्रज नेत्रवैद्याने एक निबंध प्रसिद्ध केला. राजाच्या पायदळातील सुमारे दहा हजार शिपायांत निकटदृष्टिता जवळजवळ आढळत नव्हती. याउलट ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयातील १२७ विद्यार्थ्यांपैकी ३२ जण चष्मा किंवा हातातले भिंग वापरत होते. १८६७ साली ब्रेस्लाउ (आजचे पोलंडमधील व्रॉत्सवाफ) येथील हेर्मान कोन यांनी १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले. खेड्यातील शाळांत निकटदृष्टीची मुले शेकडा दीडहून कमी निघाली, तर शहरातील वरच्या विद्यालयांत शेकडा सव्वीस. इयत्ता जसजशी वाढे, तसतसे प्रमाणही वाढे. कोन यांनी दोष दिला तो अतिवाचनाला, बेढब बाकांना आणि अंधाऱ्या वर्गांना. बाकांची उंची आणि वर्गातला उजेड हे विषय शाळांच्या चर्चेत आले, त्यात कोन यांचा मोठा वाटा होता.

विसाव्या शतकात मत पालटले. निकटदृष्टिता आनुवंशिक आहे, शाळेला त्यात करण्यासारखे काही नाही, असे बरेच तज्ज्ञ म्हणू लागले. आनुवंशिकतेचा वाटा आहेच. पण पूर्व आशियातील शहरांत एकदोन पिढ्यांतच चष्मेवाल्या मुलांची संख्या भराभर वाढली. जनुके इतक्या वेगाने बदलत नाहीत.

धागा सापडला तो २००८ साली. सिंगापूर आणि सिडनी येथील चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना करण्यात आली. सिंगापुरात २९ टक्के मुले निकटदृष्टीची होती, सिडनीत केवळ ३.३ टक्के. वाचनात सिडनीची मुले मुळीच मागे नव्हती. ठळक फरक दिसला तो घराबाहेरच्या वेळेत : सिडनीत आठवड्याला सुमारे पावणेचौदा तास, सिंगापुरात जेमतेम तीन. पुढे चीनमधील ग्वांगझोऊ येथे काही शाळांत रोज ४० मिनिटांची मैदानावरची एक तासिका वाढवण्यात आली. तीन वर्षांत या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना नव्याने निकटदृष्टिता आली. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. भरपूर प्रकाशात दृष्टिपटलातून डोपामिन हे द्रव्य स्रवते आणि ते नेत्रगोलाच्या लांबट वाढीला आवर घालते, असे प्राण्यांवरील प्रयोगांवरून दिसते.

म्हणजे कोन यांनी मोजले ते खरेच होते. शिकणाऱ्या मुलांचे डोळे अधिक बिघडत होते. पण ती मुले पुस्तकाजवळ होती, तशीच उन्हापासून दूरही होती. मोबाइल हे दोन्ही एकदम करतो : नजर जवळ खिळवतो आणि मूल घरात बसवतो. पडद्याकडे टक लावल्याने पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. हा त्रास विश्रांतीने जातो. गमावलेले मैदान मात्र तसे भरून निघत नाही.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक उपाय योजला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजे आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद ठेवले जात. अभ्यासाला आणि गप्पांना त्यामुळे वेळ मिळाला. पण सातला सूर्य मावळलेला असतो. दिवसाउजेडीचा वेळ मुलांना कोण देणार? तो शाळेच्या हातात आहे.

सोलापूरला उन्हाची वाण नाही. वर्गात साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो, तर मोकळ्यावरच्या झाडाच्या सावलीतही तो काही हजार लक्स भरतो. तेव्हा वैशाखात मुलांना उन्हात तापवण्याचे कारण नाही. सकाळच्या शाळेत कडुनिंबाखाली घेतलेला एखादा तासही उपयोगी पडेल. सूर्याकडे थेट पाहू नये, हे मात्र सांगायलाच हवे.

एक सोपा उपक्रम करून पाहावा. प्रत्येक मुलाने पुस्तक आणि मोबाइल डोळ्यांपासून किती सेंटिमीटरवर धरतो, ते सोबत्याकडून मोजून घ्यावे आणि आठवडाभर रोज किती वेळ बाहेर होतो त्याची नोंद ठेवावी. या आकड्यांचे आलेख भिंतीवर लावावेत. फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीत बघून उतरवणारे किंवा डोळे बारीक करून पाहणारे मूल दिसले, तर त्याची नेत्रतपासणी करून घ्यावी. चष्मा लागलेल्या मुलाला तो नियमित वापरू द्यावा.

परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातून पहिल्यांदा खेळाचा तास जातो आणि त्या जागी गणित येते. दीडशे वर्षांचा हा इतिहास पाहता तो तास जिथल्या तिथे राहायला हवा. मैदानावरचा तो वेळ मुलांच्या डोळ्यांच्याही कामाचा आहे.